हिरण्यकशिपूचा वर

हिंगोलीच्या नदीचं नाव कयाधू, म्हणजे प्रल्हादाची आई. तिच्या नवऱ्याला मिळालेला वर हल्ली आमच्या कॅरीबॅगेकडे आलाय: ना पाण्यात कुजणं, ना मातीत मुरणं. 2018 साली सरकारने बंदी घातली. पिशवी भाजीच्या गाड्याखाली जाऊन बसली, मागितली की निघते.

पुलावर स्कूटर थांबते. निर्माल्याची गच्च गाठ मारलेली पिशवी, वर नारळाची शेंडी. गृहस्थ चप्पल काढतात (नदी आई ना!), हात जोडतात आणि पिशवी खाली भिरकावतात.

वरच्या अंगाला हिच्याच काठी नर्सी, संत नामदेवांचं गाव. खाली पैनगंगा. तिथवर सगळ्याच पिशव्या जात नाहीत म्हणा. ही पुलाच्या खांबालाच अडकली.

खांबातून अजून कुणी बाहेर आलेलं नाही.