सईच्या हातातलं खुरपं

एरफुर्ट, रविवार

ती. आई व अण्णांस शि. सा. नमस्कार.

कुकर लावलाय, तो होईपर्यंत जमेल तेवढं लिहिते. आई, परवा फोनवर तू असा सूर लावलास की अण्णांना वाटलं, इकडं कुणी गेलंच. झालं काय, तर फोटोत सईच्या हातात खुरपं! "एवढ्या लांब नेऊन पोरीला निंदायला लावलं काय गं माय!" अगं, ती मजुरी नाही, तास आहे तिचा. थुरिंगिया या आमच्या राज्यात पहिली ते चौथीला गणितासारखाच 'शाळेची बाग' हा विषय असतो. पूर्व जर्मनीच्या काळापासून चालत आलाय. वाफे करायचे, पेरायचं, काढायचं आणि निघेल ते चिरून खायचं. घरी मुळ्याच्या वासानं नाक दाबणाऱ्या सईनं स्वतःचा मुळा पानांसकट खाल्ला.

आपल्या वाटूरच्या शाळेत आम्हाला झाडांना पाणी घालायला कधी पाठवायचे? गृहपाठ केला नाही की. आणि घरी अण्णांचा दम, "शिकली नाहीस तर पऱ्हाटीत जाशील." पऱ्हाटीत जायला नको म्हणून शिकले, इथवर आले, आणि लेकीला खुरप्याचा तास. अण्णांना म्हणावं, हसा आता.

आम्हीही गावाबाहेर बागेचा तुकडा भाड्यानं घेतलाय. हौस म्हणून घेतला, पण नियम एवढे की सातबारा बरा. 1983 चा कायदाच आहे: तुकडा 400 चौरस मीटरपेक्षा मोठा नको, खोपी ओसरीसकट 24 चौरस मीटरच्या आत, तिथं कायमचं राहायचं नाही. निदान तिसऱ्या हिश्श्यात फळं-भाज्या हव्यातच, नुसती फुलं लावून चालत नाही. बागवाल्यांच्या संघाचे एक आजोबा टेप घेऊन येतात आणि आमच्या वालाच्या वेलाकडे बघून मान हलवतात. दुपारी एक ते तीन आवाज बंद. आज रविवार, म्हणून गवत कापायचं यंत्रही बंद. रात्री दोनला लाईट आली की मोटार चालू करायला उठणारे अण्णा इथं असते, तर पहिल्याच आठवड्यात नोटीस आली असती. मला मात्र त्या मोटारीच्या घरघरीशिवाय अजून नीट झोप लागत नाही. फोनवर हे बोलले नव्हते.

या बागांचं मूळ ऐक. लाइपझिग इथून रेल्वेनं तासाच्या आत. तिथं हाउशिल्ड नावाच्या मुख्याध्यापकांनी 1864 मध्ये पालकांना धरून लेकरांच्या खेळासाठी संघ काढला आणि त्याला वारलेल्या श्रेबर डॉक्टरांचं नाव दिलं. पुढं गेझेल मास्तरांनी मैदानाच्या कडेला लेकरांसाठी वाफे आखले. लेकरं कंटाळली, गवत माजलं, शेवटी आईबापच खुरपायला बसले. आता देशभर अशा बागांना श्रेबरचं नाव आहे, आणि डॉक्टरांनी स्वतः एक वाफासुद्धा केला नव्हता! आपल्या बंडूच्या नावावरचं विज्ञान प्रदर्शनातलं धरण कुणी बांधलं होतं, विचार दादाला.

मेथीची जुडी इथल्या भारतीय दुकानात साडेतीन युरो, म्हणजे साडेतीनशे रुपये. अण्णांना सांगू नको, गोणी घेऊन विमानतळावर जातील.

सुमीला जालन्याचं स्थळ आलंय, मुलगा बियाण्याच्या कंपनीत, तर होय म्हणा. एरफुर्टही जुनं बियाण्यांचंच गाव, फ्लॉवरसाठी नावाजलेलं. सोयरीक जमली तर मी वऱ्हाड इकडून आणते. लग्नासाठी म्हैस विकू नका.

वहिनीला शाळेत खिचडी शिजवायचं काम मिळालं, हे फार बरं झालं. इथं शाळेतल्या जेवणाचे पैसे आम्ही भरतो. तिकडं सरकार देतं, आणि सहावी ते आठवीच्या लेकराच्या ताटात 75 ग्रॅम भाजी हवी, लहानग्यांच्या 50, असं नियमात आहे. बाजार चढला की पहिली भाजीच पातळ होते, हे वहिनीला मी सांगायला नको. शाळांनी परसबाग करावी अशा सूचना केंद्रानं 2019 मध्येच दिल्यात. पाणी कुठलं, असं सर विचारतील. लेकरं हात-ताटं धुतात ते सगळं पाणी शेवग्याच्या, कढीपत्त्याच्या आळ्यात सोडा म्हणावं. आणि वाफ्यात घोळ उगवली तर उपटून फेकू नका, खिचडीत टाका.

आता तुझ्या पार्सलचं. चिवड्यात लपवून बी पाठवते म्हणालीस, ते अजिबात करू नको. डिसेंबर 2019 पासून बाहेरचं बी युरोपात आणायला रोग नसल्याचा सरकारी दाखला लागतो. चिवडा जप्त झाला तर मी जेवणार नाही. दोडका, गवार, अंबाडीचं ते बी वहिनीच्या हाती शाळेत दे. आणि सरांना माझा निरोप सांग: बागेत गृहपाठ न केलेल्या पोरांना नको, पहिल्या नंबराच्या पोरांना आधी पाठवा.

तुमची,
ताई