उजाडायच्या आत खंबाटकी

दिवाळीला अजून तीन आठवडे आहेत आणि काल रात्री दाजींची ‘दुरुस्ती क्र. ६’ घरच्या ग्रुपवर येऊन थडकली. ‘दुरुस्ती क्र. ५ रद्द समजावी. प्रस्थान पहाटे ४.०० ऐवजी ३.४५. कारण : खंबाटकी.’ खाली ताईचा अंगठा. तो येतोच, नाही आला तर दाजी स्वयंपाकघरात जाऊन ‘वाचलंस का?’ असं विचारतात. पण त्याच्याखाली भाच्याचाही अंगठा होता, आणि तोही मिनिटाच्या आत. हे मात्र नवीनच होतं. त्याचा खुलासा पुढे होईल.

दाजी म्हणजे कोण, हे तुम्हाला सांगायला नको. तुमच्याकडे ते मामा असतील, साडू असतील, नाहीतर शेजारचे निवृत्त कोणीतरी. खंबाटकीही वेगळी असेल. नाशिककरांचा कसारा असतो, मुंबईकरांचा वडखळ नाका असतो. पण गाडीनं लांब जायचं ठरलं की ज्या माणसाचा आवाज आपोआप खाली जातो आणि हातात वही येते, तो माणूस घरोघरी आहे. आमच्या माणसाची हयात पाटबंधारे खात्यात गेली, म्हणून वहीला ‘नस्ती’ म्हणतात, एवढाच काय तो फरक.

पुण्याहून मालवण पावणेचारशे-चारशे किलोमीटर. त्यातले पहिले साठ-सत्तर किलोमीटर म्हणजे प्रवास, बाकीचं नुसतं पोचणं, असं दाजींचं शास्त्र आहे. शिरवळ मागे पडलं, खंडाळा आला की समोर खंबाटकी. साताऱ्याकडून येणाऱ्याला बोगदा मिळतो. पुण्याहून जाणाऱ्याच्या नशिबी घाट. तिथं मालट्रक पहिल्या गिअरमध्ये कण्हत चढत असतात आणि त्यातला एक बंद पडला की संपलं. म्हणून उजाडायच्या आत खंबाटकी. ती साधली की साताऱ्यात नाश्ता, कोल्हापुरात चहा, गगनबावड्याला दशम्या, करूळ घाट उतरून वैभववाडी, तळेरे, कणकवली, कसाल आणि संध्याकाळच्या आत मालवण. आणि नाही साधली तर? याला दाजी उत्तर देत नाहीत. चष्म्यावरून नुसते बघतात.

हे तत्त्व घाटापुरतं राहिलं असतं तर मी हे लिहायला बसलो नसतो. ताईला रात्री दोनला कळा सुरू झाल्या तेव्हा दाजी म्हणाले, “आत्ताच निघू. उजाडायच्या आत खंबाटकी.” दवाखाना दोन गल्ल्या सोडून होता. भाच्याचा दहावीचा पेपर अकराला. त्याला साडेपाचला उठवून आंघोळ घातली, कारण तेच. मला मुलगी पाहायला जायचं होतं, नारायण पेठेतून सदाशिव पेठेत, पायी दहा मिनिटं. दाजींनी कांदेपोह्यांची वेळ सकाळी सातची ठरवून टाकली होती. मुलीकडच्यांनी ती कशीबशी दहावर आणली. पुढं तिनंच मला विचारलं, “तुमच्याकडे कोणी दूधवाले आहेत का?”

गाडीची तयारी गॅरेजपासून सुरू होते. गॅरेजवाला दाजींना लांबून पाहिलं की गाडीखाली सरकतो आणि सरकलेलाच राहतो. कूलंट, ब्रेक ऑइल, वायपरची रबरं, अलाइनमेंट, बॅलन्सिंग हे सगळं होतं, मग दाजी घरी येऊन स्वतः पुन्हा बघतात. पेट्रोल पंपावर हवा भरणाऱ्या पोराला ‘तेहतीस’ सांगतात आणि खिशातून स्वतःचा मीटर काढून मोजतात. साडेतेहतीस निघाली तर अर्धा सोडायला लावतात. त्या पोराच्या चेहऱ्याकडे बघवत नाही.

पोटाचा विभाग ताईकडे, पण मंजुरी दाजींची. दशम्या, लसणीची चटणी, तिखटमिठाच्या पुऱ्या, आवळासुपारी, आलेपाक मंजूर. चिवडा नामंजूर, कारण शेंगदाणा सीटच्या पट्टीत जातो. पाणी घोटघोट. थांबे ठरलेले, मधेच कोणाला लागली तर ‘निघताना जाऊन आला होतात का?’ ही चौकशी आधी, ब्रेक नंतर.

आणि मग निघायच्या आदल्या संध्याकाळी रंगीत तालीम. हे मी पाहिलं नसतं तर मला खोटं वाटलं असतं. सोसायटीच्या पार्किंगमध्ये गाडी उभी, इंजिन बंद, आणि आम्ही सगळे आपापल्या ठरलेल्या जागी बसलेले. ताईच्या सासूबाईंना लिफ्टनं खाली आणून मधल्या सीटवर डाव्या खिडकीशी बसवलेलं, पाठीला त्यांची उशी. भाची मधोमध, कारण तिला घाट लागत नाही. मला घाट लागतो, हे सगळ्या सोसायटीला ठाऊक व्हावं अशा आवाजात दाजी म्हणाले, “मेहुणे दाराशी.” मग दारं लावून घेतली. दाजी सुकाणूवर बसून शांतपणे म्हणाले, “आता समजा, सारोळ्याचा पूल आला. आजीची गोळी कुठे आहे?” गोळी डिकीत निघाली. सगळे उतरले. पुन्हा बसले. वॉचमन खुर्ची वळवून बसला होता. दुसऱ्या खेपेला त्याचे दोन मित्रही आले.

डिकीतही त्यांचा नकाशा असतो. जड बॅगा तळाला, चटणीचा डबा उभा, जॅक, पाना आणि जॅकखाली ठेवायची फळी हाताशी. पण उजव्या कोपऱ्यात हातभर जागा मोकळी, आणि तिच्यावर कागद चिकटवलेला : ‘परतीचे’. येताना कोकम, आगळ, कुळथाचं पीठ, काजू आणि कोणीतरी आग्रहानं दिलेले नारळ. त्या जागेत मी एकदा माझी छत्री ठेवली तर ती मला पार्किंगमध्येच परत मिळाली.

आता एवढं सगळं केल्यावर गाडी पावणेचारला निघत असेल, असं तुम्हाला वाटेल. तीनला गजर होतो. सव्वातीनला चहा. साडेतीनला सगळे खाली, कुडकुडत, अर्धवट झोपेत. मग दाजी गाडीपुढे नारळ फोडतात. चाकाखाली लिंबू ठेवतात. ताई ओवाळते. गाडी फाटकापर्यंत जाते आणि दाजी म्हणतात, “गॅस बंद केला का?” केलेला असतो. तरी वर जाऊन येतात. मग पाण्याची मोटर. मग कपाटाची किल्ली, जी त्यांच्याच खिशात सापडते. मग वर गेलोच आहोत तर म्हणून देवाला पुन्हा एकदा नमस्कार. लिंबू आता चाकाखाली चिरडून गेलेलं असल्यामुळे दुसरं. खेड शिवापूरच्या टोलनाक्यावर रांगेत असताना उजवीकडे डोंगर नारिंगी व्हायला लागतात आणि डावीकडे सूर्य वर येतो. गाडीत कोणी बोलत नाही. सासूबाई हात जोडतात. दाजी सूर्याकडे पाहतात, जसं खात्यातल्या ठेकेदाराकडे पाहत असतील, आणि म्हणतात, “आज जरा लवकरच उगवला.”

खंबाटकी उजाडायच्या आत आम्ही कधीही ओलांडलेली नाही. माझ्या आठवणीत तरी नाही. एकदाच सगळ्यात जवळ गेलो होतो, शिरवळपर्यंत. त्या वर्षी दाजी आजारी होते आणि गाडी ताईनं काढली होती.

यावर हसायचा हक्क आम्हाला आहे, सरकारला नाही. मुंबई-गोवा महामार्गाच्या चौपदरीकरणाचं काम २०११ मध्ये सुरू झालं, तेव्हा हा भाचा शाळेत होता. तो शिकला, नोकरीला लागला, त्याला टक्कल पडायला लागलं. महामार्गाच्या पूर्ण होण्याच्या तारखा मात्र दर गणपतीला नव्यानं येत राहिल्या, दाजींच्या दुरुस्त्यांसारख्याच क्रमांकानं. फरक एवढाच, की दाजींचा उशीर दोन तासांचा असतो आणि नारळ ते पदरचा फोडतात. २०२४ मध्ये करूळ घाट दुरुस्तीसाठी बंद झाला, तेव्हा सगळा तळकोकण वैतागला होता. दाजी एकटेच खुलले होते. भुईबावडा, फोंडा, आंबोली या तीन पर्यायांच्या तीन नस्त्या त्यांनी एका रविवारात तयार केल्या. तिन्ही खंबाटकीवरूनच जात होत्या.

मागच्या वर्षी टायर बदलायला त्यांच्याबरोबर गेलो होतो. दुकानदारानं स्टेपनी बाहेर काढली, पुसली, आणि बाजूवरचे चार आकडे दाखवले : २३१४. म्हणजे २०१४ सालचा तेविसावा आठवडा. गाडीबरोबर आलेली स्टेपनी. तिला डांबर कधी लागलंच नव्हतं. टायरवरचे रबराचे बारीक केससुद्धा शाबूत. दर महिन्याला दाजी तिच्यात हवा भरत होते, तेहतीस. दुकानदार म्हणाला, “काका, टायर कोराच आहे, पण रबर म्हातारं झालं. लांबच्या रस्त्याला नका नेऊ.” दाजींनी त्यावर हात फिरवला. “एकदाही वेळ आली नाही हिच्यावर,” म्हणाले. सूर तक्रारीचा होता की समाधानाचा, मला कळलं नाही. इतक्या वर्षांत आमची गाडी रस्त्यात एकदाही बंद पडली नाही, कोणी उपाशी राहिलं नाही, आजीची गोळी चुकली नाही. काही घडलंच नाही, त्यामुळे श्रेय द्यायचं कुणाच्या लक्षातही आलं नाही. आम्ही खंबाटकीला हसत राहिलो. हे लिहितानाही मला ते फारसं कबूल करायचं नाही.

या उन्हाळ्यात त्यांच्या दोन्ही डोळ्यांचे मोतीबिंदू काढले. डॉक्टर म्हणाले, दिवसा चालवा. रात्री समोरच्या दिव्यांचा झोत सोसणार नाही, तेव्हा अंधारात सुकाणू नको. दाजींनी विचारलं, “अंधारात म्हणजे नेमकं किती वाजेपर्यंत?” डॉक्टर म्हणाले, “उजाडेपर्यंत.” ताई सांगते, घरी येईस्तोवर ते एक शब्द बोलले नाहीत. खंबाटकीलाही आता नवे बोगदे खोदलेत. एक दिवस पुण्याहून जाणाऱ्यालाही घाट चढावा लागणार नाही. त्या दिवसासाठी दाजींच्या नस्तीत कोणतीही तरतूद नाही.

तर गाडी आता भाचा चालवणार. त्याचीच गाडी, नवी, विजेवर चालणारी. हा भाचा म्हणजे ‘मामा, आठला चहा पिऊन निघू निवांत’ या पंथाचा. मला वाटलं, सुटलो. मग काल तो अंगठा. फोन केला तर म्हणाला, “मामा, साताऱ्याच्या चार्जरवर दिवाळीत रांग लागते. गर्दीच्या आधी पोचलं पाहिजे. कोल्हापुरात किती टक्के उरेल, गगनबावडा चढताना किती जाईल, सगळं काढलंय मी. शीट पाठवतो.” शीट आली. दाजींपेक्षा दोन रकाने जास्त. करूळ घाट उतरताना बॅटरी थोडी परत भरते, हे कळल्यापासून दाजी मुलाकडे नव्या आदरानं बघतायत.

भांडण एकाच गोष्टीवर झालं. त्या गाडीत स्टेपनी नाही. डिकीच्या तळाशी एक चिकट द्रवाची बाटली आणि छोटा पंप, बस्स. दाजींनी बाटली हातात घेऊन उलटसुलट केली आणि वर्षानुवर्षांच्या नोकरीतही काढला नसेल असा आवाज काढला. आज सकाळी दुरुस्ती क्र. ७ आली : ‘स्वतंत्र स्टेपनी नेण्यात येईल. जागा : मधली रांग, दार बाजू.’

मी लगेच फोन लावला. “दाजी, दाराशी मी बसतो.”

“बसायचास. आता स्टेपनी आहे.”

“मग मी?”

“एसटीनं ये. स्वारगेटवरून पहाटेची पहिली धर,” पलीकडे वहीचं पान उलटल्याचा आवाज आला, “आणि निघताना गॅस बघ.”