बघतो मी, उघड जरा

गेम नीट चालू असेपर्यंत या दादांना सोसायटीतलं एकही पोर जिन्यात ओळख दाखवत नाही. तो मधेच बंद पडायला लागला, की मात्र त्यांच्या दारावरची बेल कुणी सोडत नाही.

पोटापाण्यासाठी दादा बँकेत असतात, विम्यात असतात, एखादे तर भूमी अभिलेखात. संगणकाची पदवी घेतलेला इसम शेजारच्याच फ्लॅटमध्ये राहत असतो, पण त्याला कुणी विचारत नाही. तो ‘फॉरमॅट मार’ म्हणून मोकळा होतो. दादांच्या लेखी फॉरमॅट मारणं म्हणजे रणातून पळ काढणं.

येताना ते स्क्रू-ड्रायव्हर, पेन ड्राइव्ह आणि खोडरबर घेऊन येतात. आई सांगतात, “सीपीयू टेबलाखाली आहे.” “कॅबिनेट,” दादा म्हणतात, “सीपीयू त्याच्या आत असतो.” आई मान डोलावतात आणि पुढच्याच वाक्यात पुन्हा सीपीयू म्हणतात.

मग मुलाची उलटतपासणी. “क्रॅश होतो म्हणजे नक्की काय होतं? चित्र गोठतं? सरळ डेस्कटॉपवर येतो? निळी पाटी येते? की मशीनच फट्‌दिशी बंद?” हा प्रश्न मात्र लाखमोलाचा, हे मान्य करायला हवं. डेस्कटॉपवर येत असेल तर संशय आधी गेमच्या फायलींवर आणि ड्रायव्हरवर. निळी पाटी आली तर ड्रायव्हरबरोबर रॅमचीही चौकशी. आणि मशीनच मान टाकत असेल तर एसएमपीएस किंवा उष्णता. “त्याआधी काही टाकलं होतंस का?” “काहीच नाही, दादा.” डाउनलोड्सच्या फोल्डरमध्ये अकरा मॉड पडलेले असतात. दादा ते बघतात, मुलाकडे बघतात, आणि आई खोलीत आहेत म्हणून गप्प बसतात.

पुढची पायरी इव्हेंट व्ह्यूअर. लाल खुणांची लांबलचक यादी उघडली की दादा खुर्ची पुढे ओढतात. “हं, कर्नेल-पॉवर ४१,” ते खालच्या आवाजात म्हणतात आणि सगळं घर चिडीचूप होतं. ४१ चा अर्थ एवढाच, की मशीन रीतसर शटडाउन न होता बंद पडलं होतं. ते घरातल्या सगळ्यांनी डोळ्यांनी पाहिलेलंच असतं.

कॅबिनेट उघडल्यावर खरा मामला कळतो. कॉम्प्युटर टेबलाच्या ज्या बंद कप्प्यात ते कोंबलेलं असतं, तिथे हवा शिरायला जागा नसते. वर धूळ बसू नये म्हणून आईंनी हौसेने शिवलेलं, झालर लावलेलं कव्हर. आत ग्राफिक्स कार्ड नव्वद अंशांच्या पुढे तापलेलं. बोट लावावं तर झिणझिण्या येतात, कारण तीन पिनांचा प्लग दोन पिनांच्या बोर्डात बसवायला कुणीतरी अर्थिंगची पिन काढून टाकलेली असते. (हे ‘कुणीतरी’ त्या वेळी हॉलमध्ये पेपर वाचत असतात.)

आता दादांचा सिद्धांत: एका वेळी एकच गोष्ट बदलायची, मग गेम चालवून बघायचा. सिद्धांत उत्तम आहे. पहिला अर्धा तास ते तो पाळतातही. मग पोहे येतात. पोह्यांनंतर दादा ड्रायव्हर मुळासकट उपटून नवा टाकतात, रॅमच्या पट्ट्या काढून त्यांचे सोनेरी दात खोडरबरने घासतात, बायॉसमध्ये जाऊन रॅमला जास्त वेगाने पळवणारं एक्सएमपी बंद करतात आणि जाता जाता व्हिज्युअल सी++ चे सगळे संचही बसवून टाकतात. गेम चालतो. कशाने चालला, हे ब्रह्मदेवालाही सांगता येणार नाही, दादा सांगतात. “रॅम होती.”

त्यांची कीर्तनं दोन. पहिलं इंटेलचं. १३व्या आणि १४व्या पिढीच्या डेस्कटॉप प्रोसेसरांवर गेम कोसळायचे आणि पाटी यायची ‘व्हिडिओ मेमरी अपुरी आहे’. लोक ग्राफिक्स कार्डाला शिव्या घालत बसले. रोग रेड्याला आणि औषध पखालीला! २०२४ मध्ये कंपनीनेच सांगितलं, की प्रोसेसर गरजेपेक्षा जास्त व्होल्टेज मागून घेतो आणि खराब होतो. मायक्रोकोड बदलला, वॉरंटी दोन वर्षांनी वाढवली. ही वॉरंटी दादा स्वतः दिल्यासारखी सांगतात.

दुसरं त्याहून रंगतं. ‘सॅन अँड्रियास’ हा २००४ चा गेम. त्यात स्किमर नावाचं पाण्यावर उतरणारं विमान आहे. विंडोज ११ चं २४एच२ अपडेट आलं आणि ते गायबच झालं. जबरदस्तीने आणून आत बसलं, तर खेळणारा थेट अंतराळात. लोकांनी मायक्रोसॉफ्टला धरलं. निघालं काय? आधीच्या ‘व्हाइस सिटी’त हेच स्किमर गेमच्या हिशेबी होडी होतं, आणि होडीला चाकं कशाला? पुढच्या गेममध्ये त्याचं विमान केलं, पण माहितीच्या ओळीत चाकांचं माप घालायचं राहिलं. गेम मेमरीत आधीच्या वाहनाचे जे आकडे उरलेले असत, तेच उचलायचा, आणि योगायोगाने ते चालून जायचे. नव्या विंडोजने ती जागा दुसऱ्या कामाला घेतली. “वीस वर्षं!” दादा टेबलावर थाप मारतात. “वीस वर्षं दुसऱ्याच्या चाकांवर उडत होतं!” तोवर मुलाने तिसरी लेव्हल गाठलेली असते.

दादा स्वतः गेम खेळतात का? खेळतात म्हणे. मी एकदा त्यांच्या मागे उभं राहून पाहिलं. पडद्यावर गाडी भरधाव सुटलेली, पोलीस मागे, आणि दादांची नजर कोपऱ्यातल्या बारीक आकड्यांवर: तापमान ७१, फ्रेम ५८. गाडी खांबावर आदळली तेव्हा ते म्हणाले, “बघितलंत? एकदाही अडकला नाही.”

निघताना दारात आई आग्रहाने लाडवांचा डबा हातात ठेवतात. मुलाचे वडील चप्पल घालून खालपर्यंत सोडायला येतात. लिफ्टचं दार बंद झाल्यावर ते घसा खाकरतात.

“दादा, एक विचारू का? पोराची दहावी आहे. मार्चपर्यंत हा गेम असाच बंद पडत राहील, असं काही करता येईल?”

दादा छतावरच्या पंख्याकडे बघत गंभीरपणे विचार करतात.

“एक्सएमपी परत चालू करून बघू.”