बोलाल तर सहा महिने

जिल्हा न्यायालय नांदेडचं घ्या की लातूरचं. सकाळी पुकारा सुरू झाला की मागच्या भिंतीला टेकून काही पोरं-पोरी उभी दिसतात. पांढरा शर्ट, काळा टाय, काळा कोट. गाऊन-बँड मात्र नाही. हे कायद्याचे विद्यार्थी. बार कौन्सिलच्या 2008 च्या नियमांनी त्यांना हा कोट दिला, तीन वर्षांच्या अभ्यासक्रमाला निदान 12 आणि पाच वर्षांच्या अभ्यासक्रमाला 20 आठवड्यांची इंटर्नशिप दिली, एक दिवाणी आणि एक फौजदारी खटला नुसता बघण्याचे 30 गुणही दिले. तोंड तेवढं द्यायचं राहिलं.

पक्षकाराला हे कोण सांगणार? तो कोट बघून अडवतोच. "साहेब, आमचा नंबर कवा लागंल?"

"काका, मी अजून वकील नाही."

"मग कोट कामून घातला?"

इतकी नेमकी उलटतपासणी त्या दिवशी आत कुणीच करत नाही.

1961 च्या अधिवक्ता कायद्याप्रमाणे सनदेशिवाय वकिली केली तर कलम 45 खाली सहा महिन्यांपर्यंत कैद. म्हणून सिनियर सवयीनं जुन्या दंड संहितेचं "तीनशे दोन" म्हणतात तेव्हा 1 जुलै 2024 पासूनच्या खुनाला भारतीय न्याय संहितेचं 103 लागतं, हे पाठ असलेली पोरगी ओठ मिटून उभी राहते. ते फारतर डायरीत लिहायचं. डायरीलाही गुण आहेत.

नांदेडजवळच्या विष्णुपुरीच्या वैद्यकीय महाविद्यालयात इंटर्न डॉक्टर सिनियरच्या देखरेखीखाली रोज सुया टोचतात. चुकली तर पेशंट जागच्या जागी बोंबलतो. कोर्टात चुकलं तर पक्षकाराला ते अपिलात कळतं, म्हणून कदाचित आपण इतके जपतो.

पण हे जपणं सनदेपर्यंतच. सनदेआधी वर्षभर सिनियरच्या हाताखाली शिका, असा नियम बार कौन्सिलनं 1995 मध्ये केला होता. तो सर्वोच्च न्यायालयानं 1999 मध्ये रद्द केला. त्यामुळे काल मुका असलेला पोरगा आज सनद आली की थेट खुनाच्या आरोपीचं वकीलपत्र घेऊ शकतो. बार परीक्षा त्यानंतर दोन वर्षांत पास केली तरी चालायची, तीही कायद्याची पुस्तकं समोर ठेवून. अमेरिकेतल्या बहुतेक राज्यांत पक्षकाराची संमती आणि शेजारी अनुभवी वकील असला की विद्यार्थी न्यायाधीशांसमोर बोलतो. आपल्याकडेही अधिवक्ता कायद्याचं कलम 32 आहे: विशिष्ट प्रकरणात सनद नसलेल्या माणसालाही न्यायालय परवानगी देऊ शकतं. ते कलम विद्यार्थ्यांना परीक्षेत येतं, तेवढाच त्याचा वापर.

आमची मागणी माफक आहे. शेवटच्या वर्षाच्या पोरांना निदान तारीख मागू द्या. त्यात पक्षकाराचं नवीन नुकसान काहीच नाही. तारीख तशीही पडणारच आहे. एकदा नियम निघाला की लातूर पॅटर्न पुढचं बघून घेईल: निवासी बॅच, रोजची टेस्ट सिरीज, 'सिनियर दुसऱ्या कोर्टात आहेत' हे वाक्य चेहरा न हलवता म्हणण्याचा क्रॅश कोर्स. परीक्षा केंद्र लातूरला की नांदेडला, हे मात्र आत्ताच ठरवू नये. विभागीय आयुक्तालयाचा वाद दोन्ही गावांनी इतकी वर्षं जपलाय, त्याला सोबत होईल.