ऑफ सीझनमधलं बँकॉक

पहिली जुलै उजाडली की ताडोब्याचा कोअर भाग बंद होतो, तो थेट सप्टेंबर संपेपर्यंत. बफरमधल्या फेऱ्या सुरू असतात, पण त्या पावसात जिप्सीवाला, गाइड आणि पर्यटक असे तिघंही एकमेकांकडे 'तू कशाला आलास?' अशा नजरेनं बघत असतात. मोहर्लीतली माणसं या दिवसांत रोवणी उरकतात आणि सीझनभर राहिलेल्या झोपा काढतात. यंदा मात्र ताईनं फर्मान काढलं, "वर्षभर लोकायले फिरवतो आपण. एखाद्या वेळी आपल्याले बी कोणी फिरवाव का नाही?"

ताई मोहर्ली गेटवर गाइड आहे. भाऊजी जिप्सी चालवतात. माझा होमस्टे आहे आणि त्याचा झुणका-भाकरीचा लौकिक सर्वस्वी माझ्या बायकोचा. थोडक्यात, घरातलं प्रत्येक माणूस पर्यटकांवर जगणारं. आमच्या गावात पर्यटकांवर न जगणारा एकटा वाघच. बँकॉकचं पॅकेज स्वस्तात मिळालं, कारण तिथंही तेव्हा पावसाळा, तिथंही ऑफ सीझन.

खरं तर आमच्यासारख्यांनी पर्यटक होऊच नये. हलवायाच्या पोराला पंगतीत जिलबी वाढली तर तो ती आधी उजेडात धरून पाहतो. सुवर्णभूमी विमानतळावर उतरल्यापासून आमचं तेच सुरू झालं. बँकॉक राहिलं बाजूला, आम्ही बँकॉक दाखवणाऱ्यांनाच पाहत बसलो.

उतरलो प्रातुनाममध्ये. त्या भागात भारतीय माणूस इतका की पहिल्याच संध्याकाळी भाऊजींना यवतमाळचे एक गृहस्थ भेटले. मोहर्लीचं नाव ऐकताच त्यांनी विचारलं, "मग? सायटिंग कशी सुरू आहे?" ज्या प्रश्नापासून चार रात्री लांब पळावं म्हणून आलो, तो हॉटेलच्या लिफ्टमध्ये उभा होता. भाऊजींनी दिवाळीच्या सुट्टीचं एक बुकिंग मात्र तिथंच घेऊन टाकलं.

आमची थाई गाइड म्हणजे हातात झेंडा घेतलेली बोटभर पोरगी. बसमध्ये चढताच तिनं माफी मागितली : आज फार गरम आहे, चौतीस डिग्री. भाऊजी चंद्रपूरचे, सत्तेचाळीसात गाडी चालवणारे. म्हणाले, "चौतीसले आमच्याकडे म्हातारे शाल शोधतात." अर्ध्या तासानं त्यांचा सदरा पिळून वाळत घालण्याजोगा झाला होता. चंद्रपूरचं ऊन माणसाला भाजतं, बँकॉकचं उकडतं. भाजलेला माणूस निदान बढाया मारू शकतो.

सुखुमवित रस्त्यावर बस अडकली. चारी बाजूंनी गाड्याच गाड्या, आणि हॉर्न एकाचाही नाही. मुकाट, सरळ रांगेत, इंजिनं घुरघुरत. भाऊजी अस्वस्थ झाले. आयुष्यात त्यांनी एवढ्या गाड्या गपगार उभ्या एकाच कारणासाठी पाहिल्या आहेत. सवयीनं ते सीटवर उभे राहिले आणि पुढच्या काचेतून बघत कुजबुजले, "कोणत्या साइडले हाय?"

कालव्यातल्या बोटीत मात्र ते रमले. साएन साएप नावाचा हा कालवा शहराच्या पोटातून जातो आणि त्यात एसटीसारख्या बोटी धावतात. पाणी काळं, वास त्याहून काळा. समोरून दुसरी बोट आली की लाट उसळते, म्हणून दोन्ही कडांना प्लास्टिकचे पडदे असतात आणि ते दोरीनं वर ओढायचं काम कडेला बसलेल्या प्रवाशाचं. आमच्या कडेला बायको बसली होती. तिनं पहिल्या लाटेला दोरी ओढली, दुसऱ्या लाटेला तिला अंदाज आला, आणि तिसऱ्यापासून तीच अख्ख्या रांगेला आधी सावध करू लागली. कंडक्टर आत येतच नाही. तो डोक्याला हेल्मेट घालून बोटीच्या बाहेरच्या काठावर चालतो, एका हातानं दोर धरतो, दुसऱ्यानं पैसे घेतो आणि पूल आला की वाकतो. भाऊजींनी त्याला सलाम केला.

मंगळवारी मोकळा वेळ होता. ग्रँड पॅलेसच्या भिंतीपाशी एका सभ्य दिसणाऱ्या माणसानं सांगितलं, राजवाडा आज बंद आहे, त्यापेक्षा टुकटुकनं शहर बघा, अगदी स्वस्तात. पर्यटकांना गाठण्याची ही तिथली जुनी युक्ती. दुसऱ्या कोणालाही शंका आली असती. पण ताडोबा मंगळवारी बंद असतो. मोहर्लीच्या माणसाच्या लेखी मंगळवारी उघडं असणं हेच संशयास्पद. राजाच्या नोकरायले सुट्टी नको का, असं म्हणत ताई टुकटुकमध्ये चढलीसुद्धा.

दोन वळणं झाली आणि टुकटुक हिरे-माणकांच्या दुकानाच्या दिशेनं निघाली, तेव्हा भाऊजींच्या चेहऱ्यावर ओळखीचं हसू आलं. सिग्नलला त्यांनी ड्रायव्हरच्या खांद्यावर हात ठेवला, अंगठा आणि तर्जनी एकमेकांवर घासली आणि भुवया उंचावल्या. दुकानातून तुझं किती? ड्रायव्हर आधी दचकला, मग मनापासून हसला. म्हणाला, गॅस. कूपन. प्रवासी दुकानात थोडा वेळ बसले की त्याला गॅसचं कूपन मिळतं. भाऊजींना भरून आलं. धंदा काय, इथून तिथून सारखाच. "चला रे," ते म्हणाले, "पोराचं कूपन होऊन जाऊ द्या."

आम्ही आत गेलो, एसीत बसलो, गार पाणी प्यालो. बायकोनं एकामागून एक नीलम काढायला लावले आणि प्रत्येकाला "दुसरा रंग दाखवा" म्हटलं. कोणाचंच नुकसान झालं नाही, दुकानदार सोडून. कूपन हाती पडल्यावर ड्रायव्हरनं आम्हाला स्वखुशीनं राजवाड्याच्या दारात आणून सोडलं. दार उघडं होतं, रांगही होती.

खाओ सान रस्त्यावर थाई पोरीनं तळलेल्या किड्यांची गाडी दाखवली आणि किंकाळ्यांची वाट पाहत थांबली. माझी बायको एटापल्लीकडची. माडिया शेजाऱ्यांकडच्या लाल मुंग्यांच्या चटणीवर वाढलेली. तिनं एक नाकतोडा चावून पाहिला आणि म्हणाली, "मीठ कमी हाय."

आमच्या ग्रुपमध्ये चंद्रपूरचे एक आजोबा होते. १६ ऑक्टोबर १९५६ ला बाबासाहेबांनी चंद्रपुरात धम्मदीक्षा दिली, तेव्हा त्यांचे वडील तिथं होते. वाट फोमधला पहुडलेला बुद्ध ४६ मीटर लांब आहे. बाकीचे चेहऱ्यापाशी सेल्फी काढत होते. आजोबा पायांशी थांबले. त्या तळव्यांवर शिंपल्यात जडवलेली चिन्हं ते एकेक करून बघत होते. मागं ओळीनं मांडलेल्या काशाच्या वाडग्यांत लोक नाणी टाकत होते, त्याची किणकिण सुरू होती. थाई पोरीनं घड्याळ दाखवलं. पर्यटकांना 'चला, चला' म्हणण्यात ताईचा हात कोणी धरणार नाही, पण ती पोरीच्या झेंड्याला धरून म्हणाली, "राहू दे बाई. हे सायटिंग घाईचं नोहे."

खरा पराक्रम ताईनं केला तो लुंपिनी बागेत. तळ्याच्या कडेला माणसापेक्षा लांब पाणघोरपडी हिंडतात, आणि कोणी ढुंकून बघत नाही. आमच्याकडे घोरपड दिसली तर ताई जिप्सी थांबवते, आणि पर्यटक म्हणतात, मॅडम, पुढं चला, वाघ दाखवा. इथं तर साक्षात एक घोरपड जॉगिंगच्या रस्त्यावर आली. समोरून पळणाऱ्यांचा जथा. ताईनं विचार न करता हात वर केला आणि गेटवरच्या आवाजात ओरडली, "स्टॉप! नो मूव्हमेंट!"

सगळे थांबले. पळणारे, बाकावरून उठलेल्या म्हाताऱ्या, फुगेवाला, जो जिथं होता तिथं ताठ. अख्खी बाग. घोरपड तेवढी शांतपणे रस्ता ओलांडून तळ्यात उतरली.

संध्याकाळचे सहा वाजले होते. थायलंडमध्ये सकाळी आठला आणि संध्याकाळी सहाला सार्वजनिक ठिकाणी राष्ट्रगीत लागतं आणि सगळे उभे राहतात. खांबावरच्या भोंग्यातून ते सुरू झालेलं आम्हाला जरा उशिरा उमगलं. संपल्यावर जथा पुन्हा पळू लागला. ताईचा हात अजून वरच होता.

"बाप्पा," भाऊजी म्हणाले, "तुयं तर इथं बी चालते."

परतीच्या वाटेवर विमानतळाच्या आत समुद्रमंथनाचं भलंमोठं शिल्प लागतं. एका बाजूला देव, दुसऱ्या बाजूला असुर, मधे वासुकी ताणलेला. तिथं एक गुजराती कुटुंब गोंधळून उभं होतं. ताई पुढं झाली. आवाज खाली, दोन बोटांनी दिशा. "इधर देव, उधर असुर. ऊपर विष्णू, नीचे कासव, मतलब कछुआ. फोटो इस साइडसे लीजिए, पूरा आएगा." मुलांनी प्रश्न विचारले, ताईनं उत्तरं दिली. निघताना त्या कुटुंबातल्या काकांनी खिशातून वीस बाहतची हिरवी नोट काढली आणि अदबीनं पुढं केली.

ताईनं ती उलटसुलट करून पाहिली आणि पर्समध्ये ठेवली.

"अन् डायवरचं?" भाऊजींनी विचारलं.