शनिवारी भरती किती वाजता?

तळेगाव दाभाड्यानं मराठी राज्याला सेनापती दिले; आरमाराला एखादा खलाशी दिल्याचं मात्र ऐकिवात नाही. शाहू महाराजांनी 1717 साली खंडेराव दाभाड्यांना सेनापतिपद दिलं, तेव्हा घाटाखाली समुद्र कान्होजी आंग्रे सांभाळत होते. वाटणी चोख होती. घोडा आमचा, गलबत त्यांचं. दोघंही 1729 सालातच गेले, पण वाटणी आहे तशीच राहिली. आजही आम्हा तळेगावकरांना पाणी म्हटलं की इंद्रायणी आठवते, पवना आठवते आणि जुलैत सोसायटीच्या पार्किंगमध्ये साचतं ते आठवतं. समुद्र म्हणजे शाळेच्या सहलीत अलिबागला पाहिलेला. तिथं घोडागाडी होती, म्हणजे पुन्हा घोडाच!

मासे धरायचा नाद मला लहानपणापासूनचा. पवनेच्या काठी कणकेची गोळी गळाला लावायची आणि चिलापीची वाट बघत बसायचं. धरणाचं पाणी फार सभ्य असतं. सकाळी जिथं ठेवून गेलो तिथंच संध्याकाळी सापडतं. गळ टाकणाऱ्याला घाई नाही, माशाला तर त्याहून नाही. या सुखात ऑफिसातल्या एका अलिबागकर सहकाऱ्यानं खडा टाकला. म्हणाला, "खाऱ्या पाण्यातला मासा एकदा ओढून बघा. मग चिलापीचं तोंड बघवणार नाही." त्याच्या वडिलांचे स्नेही रेवदंड्याला होडी बाळगून होते. सगळं गाव त्यांना तांडेल म्हणतं, म्हणून मीही तांडेलकाका म्हणू लागलो. फोन लावला.

"काका, येत्या शनिवारी यावं म्हणतो."

"शनवारी तिथी कोणती?"

मला वाटलं, म्हातारा देवभोळा दिसतोय. म्हटलं, "तिथीचं काही नाही काका, आम्ही फक्त सोमवार-गुरुवार पाळतो."

पलीकडे बराच वेळ शांतता. मग, "कालनिर्णय आहे ना घरात? बघून सांग," एवढं बोलून फोन ठेवला.

मासेमारीचं साहित्य विकत घेण्याआधी भिंतीवरचं पंचांग वाचायला शिकायचं असतं, हे गळाच्या एकाही दुकानात सांगत नाहीत. हिशेब खरं तर तिसरीतल्या मुलाचा आहे. तिथीच्या आकड्याची पाऊणपट करा, भरतीची वेळ मिळते. चतुर्थी असली की तीन वाजता. अष्टमीला सहा. दशमीला साडेसात. पौर्णिमा-अमावास्येला पंधराची पाऊणपट, म्हणजे सव्वाअकरा. दिवसाला एकदा आणि साधारण बारा तासांनी पुन्हा एकदा. अर्धा-पाऊण तास इकडेतिकडे होतो, पण आपल्या किनाऱ्यावर पिढ्यान् पिढ्या या पाऊणकीवर होड्या सुटल्या आहेत. चंद्र रोज सुमारे पन्नास मिनिटं उशिरा येतो, त्याच्यामागून पाणीही तेवढंच उशिरा येतं. लोणावळा लोकलही उशिरा येते, पण तिच्या उशिराला कुठल्याही आकड्यानं गुणता येत नाही.

आता यातली खरी गोम. पौर्णिमेला आणि अमावास्येला उधाण. पाणी मुंबईकडे साडेचार-पाच मीटरपर्यंत चढतं आणि तेवढंच खाली जातं. अष्टमी-नवमीच्या सुमाराला भांग, म्हणजे चढउतार कमी आणि ओढ मंद. पाऊणकी लावून पाहिलं की कळतं, उधाणाची मोठी भरती कायम दुपारी-मध्यरात्रीच्या सुमाराला येणार आणि सकाळी सहा-सातची भरती हवी असेल तर ती कायम भांगाचीच मिळणार. यात बदल करून मिळत नाही, वर ओळख असली तरी. डोल जाळं लावणाऱ्याला उधाण हवं असतं, कारण त्याच्या जाळ्यात मासा पाण्याच्या ओढीनंच शिरतो. हातात दोरी धरून बसणाऱ्या नवशिक्याला भांग बरा. उधाणात शिसं तळाला टिकतच नाही. आपण कोर्लईसमोर गळ टाकायचा आणि तो मुरूडच्या दिशेनं चालू लागायचा.

म्हणजे मला पाहिजे होता अष्टमी ते दशमीतला शनिवार. महिन्याला शनिवार चार, तिथ्या पंधरा. त्यात आमच्या कंपनीत पहिला आणि तिसरा शनिवार कामाचा. शिवाय दुपारनंतर वारा उठतो, लहान होडीनं त्याआधी परतलेलं बरं. या सगळ्या चाळण्यांतून गाळून जो शनिवार उरतो, त्या दिवशी हमखास मेहुणीच्या मुलाची मुंज असते.

यथावकाश एक शनिवार सापडला. मधल्या काळात मी पुण्याला जाऊन साहित्य जमवलं होतं. दुकानदारानं विचारलं, "बोटीवरून की काठावरून?" मी "बोटीवरून" म्हणालो आणि त्या एका शब्दानं बिल दुप्पट झालं. बोटीसाठी काठी आखूड लागते, पण महाग लागते. रीळ खाऱ्या पाण्याचं वेगळं, धागा वेगळा, गळ न गंजणारे वेगळे. जपानी नावाचा एक लाकडी मासा घेतला, तो इतका देखणा होता की पाण्यात टाकायचा जीव होईना. आईनं तो देवघराशेजारच्या शोकेसमध्ये ठेवला. अजून तिथंच आहे.

तळेगावहून रेवदंडा सव्वाशे किलोमीटरच्या आतबाहेर. दशमीची भरती साडेसातची, म्हणून पहाटे तीनला निघालो. खोपोलीला घाट संपला की गाडीची काच खाली केल्याबरोबर दमट वारा गालाला चिकटतो. पेण, मग वडखळ, जिथं पहाटे चारलाही ट्रक एकमेकांशी वाद घालत उभे असतात, मग पोयनाड. उजाडायच्या आत रेवदंड्याच्या बंदरावर. समोर कुंडलिकेचं मुख, पलीकडे कोर्लईचा किल्ला अंधारात नुसता आकार. याच चौल-रेवदंड्याला 1469 च्या सुमारास निकितिन नावाचा रशियन व्यापारी उतरला होता, विकायला घोडा घेऊन. समुद्रावर घोडा आणणारा मी एकटाच घाटी नाही, हे वाचून बरं वाटलं होतं.

तांडेलकाकांनी माझी काठी हातात घेतली, वाकवून पाहिली, रीळ दोनदा फिरवलं आणि अतिशय प्रेमानं ती होडीच्या नाळेत आडवी ठेवून दिली. मग एक रिकामी प्लॅस्टिकची बाटली काढली. बाटलीला तंगूस गुंडाळलेला, टोकाला शिसं, त्याच्या वर वीतभर अंतरानं दोन गळ. म्हणाले, "ही घे. काठीचं मागनं बघू." ते मागनं अजून आलेलं नाही.

होडी फायबरची, मागं लहान इंजिन, मध्ये दोन आडव्या फळ्या. तिसरी वस्तू म्हणजे पाणी उपसायला तिरपा कापलेला तेलाचा कॅन. मी लाइफ जॅकेट घालून बसलो. त्यांचं जॅकेट त्यांनी बुडाखाली घेतलं. मी काही बोलण्याआधीच म्हणाले, "तू घाल. तुला पोहता येतं ते धरणात." यातला तर्क मला अजून उलगडलेला नाही, पण जॅकेट मात्र मी पुन्हा कधी सोडलं नाही. इंजिनाचा भरवसा नसतो म्हणून वल्ही, मोबाइल दुहेरी पिशवीत बांधून, आणि बंदरावर कुणाला तरी कधी परतणार ते सांगून जायचं. काकांनी ते सांगितलं चहाच्या टपरीवाल्याला. त्यानं मान डोलावून आधीच्या उधारीची आठवण करून दिली.

होडीत उभं राहायचं नाही, हा पहिला नियम. दुसराही तोच. माणसानं घाटात गाडी चालवताना कितीही वळणं पचवली असली तरी नांगरलेली होडी निराळी. गाडी पुढं जाते, होडी कुठंच जात नाही आणि सगळीकडे जाते. उलटीची गोळी निघायच्या अर्धा तास आधी घ्यायची असते. पोटात ढवळू लागल्यावर घेतलेली गोळी फक्त माशांच्या उपयोगी पडते. मी वेळेवर घेतली होती, म्हणून नजर क्षितिजावर लावून बसलो आणि काका सोललेली कोळंबी गळाला कशी ओवतात ते चोरून पाहत राहिलो. शेपटीकडून टोक आत घालायचं, पाठीच्या वळणावरून फिरवत न्यायचं, टोक जेमतेम बाहेर. कोळंबी सरळ दिसली पाहिजे. वेटोळं झालं तर पाण्यात गरगर फिरते आणि मासा तिच्याकडे दुरूनच बघून जातो.

मग शिसं सोडायचं. तळाला टेकलं की दोरी एकदम सैल पडते. दोन वीत वर घ्यायचं आणि तर्जनीवर दोरी ठेवून बसायचं. धरणातल्यासारखा तरंगणारा बोंडा इथं नाही, बघायला काहीच नाही. जे कळायचं ते बोटाला कळतं. खडकावर शिसं घासलं की खरखर. खेकडा कोळंबी कुरतडत असला की बारीक टिकटिक, कुणीतरी पलीकडून नख मारतंय असं. आणि मासा असला तर काहीच कळत नाही, कारण त्या वेळी आपण खेकड्याचा विचार करत असतो.

पाणी चढत होतं तोवर दोन ढोमे आले, वीतभर लांबीचे. मी फोटोसाठी मोबाइल काढू लागलो तर काका म्हणाले, "पिशवी बांध, हे काय लग्न आहे?" मग भरती पूर्ण झाली आणि पाणी थांबलं. माशांनी तोंडं मिटली. "आता च्या घे," काका म्हणाले. पाणी चाललं की मासा चरतो, थांबलं की तोही थांबतो. पवनेकाठी मी आयुष्यभर थांबलेल्या पाण्यात बसलो होतो, हा विचार चहाबरोबर गिळला.

ओहोटी लागली आणि माझ्या तर्जनीला जे काही झालं त्याला टिकटिक म्हणता येणार नाही. दोरी बोटावरून सपकन गेली. काका ओरडले, "सोड! आता धर! गुंडाळू नको, ओढ!" हातावर हात टाकत ओढत राहिलो, दोरीची वेटोळी पायाशी पडत गेली आणि शेवटी होडीत येऊन पडला एक करडा, मिशाळ, गुळगुळीत मासा. पडल्यापडल्या त्यानं कुरकुर सुरू केली. अक्षरशः कुरकुर, आवाज करून. सरकारी कार्यालयात चार वाजून पंचावन्न मिनिटांनी अर्ज घेऊन गेल्यावर खिडकीतून येते तशी.

"हात लावू नको! शिंगाळा!" काकांनी माझं मनगट वरच्या वर पकडलं. शिंगाळ्याच्या पाठीवर एक आणि दोन्ही बाजूंच्या परांत एकेक असे तीन करवती काटे असतात, विषारी. लागला तर हात सोसवेल इतक्या गरम पाण्यात बुडवून ठेवायचा, उष्णतेनं विषाचा जोर कमी होतो. "म्हणून चहाचा थर्मास आणता होय?" मी विचारलं. "नाय. थर्मास चहासाठी. एकदाच हात घालावा लागला, तेव्हापास्नं त्यात साखर कमी टाकतो." पक्कडीनं गळ सोडवताना त्या माशानं पुन्हा निषेध नोंदवला. काकांनी त्याला समजूत घातल्याच्या सुरात, "हो रं, हो," म्हटलं आणि बर्फाच्या डब्यात टाकलं.

पाणी उतरायच्या आत परतायचं होतं. खाडीत होडी गाळावर बसली की पुढच्या पाण्यापर्यंत आपणही तिच्यात बसायचं.

समुद्राची बाजू एवढीच. खरं वादळ घरी.

ज्या कालनिर्णयासमोर मी पाऊणकी करत उभा राहतो, त्याच्याच समोर आई चष्मा लावून उभी असते. 1973 साली ते काढणारे जयंत साळगावकर मूळचे मालवणचे, म्हणजे समुद्रकाठचे. तरी पानावर भांगाशेजारीच एकादशी छापलेली असते. दशमीला पकडलेला मासा त्याच रात्री संपला पाहिजे, नाहीतर दुसऱ्या दिवशी तो फ्रीजमध्ये आहे एवढ्यानंही उपास मोडतो, असं आईचं मत आहे. सोमवार, गुरुवार बाद. संकष्टी बाद. शनिवार मारुतीचा, त्यावर बरीच चर्चा होऊन "धरायला हरकत नाही, खायचा रविवारी" असा तोडगा निघाला.

आणि हंगाम? 1 जूनपासून 31 जुलैपर्यंत यांत्रिकी होड्यांना मासेमारीची बंदी असते. पाऊस, खवळलेला समुद्र आणि माशांच्या विणीचा काळ, तिन्ही कारणं रास्त. ऑगस्टात बंदी उठते, कोळीवाड्यात नारळी पौर्णिमेची तयारी लागते, आणि नेमका आमच्या घरी श्रावण. श्रावण संपतो न संपतो तोच गणपती. मग पितृपक्ष, मग नवरात्र. समुद्र उघडतो तेव्हा आमचं स्वयंपाकघर बंद होतं, ते दसऱ्याला उघडतं.

1714 साली कान्होजी आंग्रे आणि बाळाजी विश्वनाथ यांची बोलणी आमच्या जवळच, लोणावळ्यात झाली आणि समुद्र नि घाट यांचा तह जमला. तिथून तळेगाव लोकलनं जेमतेम अर्ध्या-पाऊण तासावर आहे. पण आई आणि तांडेलकाका यांच्यातली बोलणी अजून प्राथमिक पातळीवर आहेत. काकांनी एकदा फोनवर तिला सुकी करंदी पाठवायची तयारी दाखवली. ती म्हणाली, "पाठवा, पण पौर्णिमेनंतर." काका म्हणाले, "हां, उधाण उतरल्यावर." दोघांनाही वाटलं, समोरचं माणूस शहाणं आहे.

या महिन्यात दशमी शुक्रवारी आली. मी रजेचा अर्ज टाकला. कारणाच्या रकान्यात खोटं लिहायचा कंटाळा आला म्हणून सरळ "दशमी" लिहिलं. साहेबांनी बोलावून विचारलं, "ही कुठली दशमी? विजयादशमी तर लांब आहे."

"साडेसातची, सर," मी म्हणालो.

साहेब जळगावचे. त्यांनी माझ्याकडे बघितलं, अर्जाकडे बघितलं, सही केली आणि आवाज खाली आणून म्हणाले, "येताना एखादी सुरमई मिळाली तर बघा."

मी विचारलं, "शिंगाळा चालेल का?"