प्रदक्षिणा, हाफ बोर्डसह

मों ब्लां चढायचा तर दोर लागतो, बुटांना लोखंडी खिळे लागतात, मध्यरात्री उठावं लागतं आणि एवढं करून वर पोहोचूच याची हमी कोणी देत नाही. हमी नसलेल्या योजनेत मराठी मध्यमवर्ग पैसे घालत नाही. म्हणून त्याने गणपतीचा मार्ग पत्करला आहे. कार्तिकेयाने मोरावर बसून पृथ्वी पालथी घालावी, आपण शांतपणे भोवती फेरी मारून पैज जिंकावी. 'तूर द्यू मों ब्लां' ही ती फेरी. सुमारे १७० किलोमीटर, फ्रान्स, इटली आणि स्वित्झर्लंड असे तीन देश, चढांची बेरीज दहा हजार मीटरच्या आसपास आणि दहा-अकरा दिवस रोज डोंगरातल्या नव्या हटमध्ये हाफ बोर्ड, म्हणजे रात्रीचं जेवण, मुक्काम आणि सकाळचा नाश्ता. उंदराची सोय कंपनी करते. तो व्हॅनच्या रूपात येतो, सकाळी आपली मोठी बॅग उचलतो आणि आपण धापा टाकत खिंड उतरेपर्यंत ती पुढच्या गावी नेऊन ठेवतो.

या धंद्याचं आद्य गिऱ्हाईक म्हणजे जिनिव्हाचे शास्त्रज्ञ होरास-बेनेडिक्ट द सोस्यूर. त्यांनी १७६० साली शिखराची वाट शोधणाऱ्याला बक्षीस जाहीर केलं आणि १७६७ साली स्वतः डोंगराभोवती फेरी मारून घेतली. म्हणजे चढायचं काम दुसऱ्याला आणि प्रदक्षिणा आपल्याकडे, ही वाटणी तेव्हापासूनची आहे. ८ ऑगस्ट १७८६ रोजी शामोनीचे डॉक्टर पाकार आणि स्फटिक शोधत हिंडणारा बाल्मा असे दोघं माथ्यावर पोहोचले. पुढच्या वर्षी सोस्यूर स्वतः गेले ते अठरा गाईड आणि एक नोकर घेऊन. शामोनीच्या चौकात १८८७ साली पुतळा बसला, त्यात बाल्मा हात वर करून शिखर दाखवतो आहे आणि सोस्यूर ते पाहत आहेत. डॉक्टर त्या पुतळ्यात नाहीत. त्यांचा स्वतंत्र पुतळा उभा राहायला १९८६ उजाडलं. बिल भरणाऱ्याचा पुतळा शंभर वर्षांत होतो, पायांनी चढणाऱ्याला दोनशे लागतात. पुतळ्यांच्या बाबतीत आपणच मागास आहोत असं समजणाऱ्यांनी शामोनीला जरूर जावं.

तर आजचा प्रदक्षिणार्थी. वय पन्नाशीच्या पुढे, गुडघ्याला पट्टा, मनगटावर पावलं मोजणारं घड्याळ आणि सौभाग्यवतींच्या सॅकमध्ये मेतकूट. त्याचा पहिला चढ आल्प्समध्ये नसून मुंबईत असतो. शेंगेन व्हिसासाठी राहण्याचं बुकिंग दाखवावं लागतं. या वाटेवरच्या नावाजलेल्या हट कित्येक महिने आधी भरतात आणि व्हिसाचा अर्ज प्रवासाच्या सहा महिन्यांपेक्षा आधी घेतच नाहीत. म्हणजे ज्या देशात शिरता येईल की नाही हे ठाऊक नाही, त्या देशातल्या गादीचे पैसे आधी भरायचे. शिवाय देश तीन. कोणाच्या दारात उभं राहायचं? जिथे सर्वांत जास्त रात्री, त्याच्या. मग हा गृहस्थ, ज्याने आयुष्यात कधी अंथरूण पाहून पाय पसरले नाहीत, तो कागदावर अंथरुणं मोजत बसतो. फ्रान्समध्ये किती, इटलीत किती, स्वित्झर्लंडमध्ये किती. वर ३० हजार युरोंचा विमा सक्तीचा, ज्यात मृतदेह मायदेशी पाठवण्याचा खर्चही धरलेला असतो. सुट्टीची सुरुवात इतक्या मोकळ्या मनाने क्वचितच होत असेल.

पण खरा चमत्कार पुढे आहे. तो हटमध्ये घडतो.

दारात पोहोचताच पहिली आज्ञा होते, बूट बाहेर. तिथे मांडणी असते, तिच्यावर बूट ठेवायचे आणि हटच्या सपाता घालून आत जायचं. काठ्याही बाहेर. गार्डियन, म्हणजे हट चालवणारी व्यक्ती, वहीत नाव पाहते आणि गादी दाखवते. खोलीत पंधरा-वीस जण, दोन मजली पलंग, काही ठिकाणी तर एकाच लांब फळीवर शेजारी शेजारी गाद्या. पांघरायला ब्लँकेट हटचं, पण आतली पिशवीसारखी शिवलेली चादर ज्याची त्याने आणायची. जेवण सात वाजता म्हणजे सात वाजता. कुठे बसायचं ते गार्डियन सांगणार, काय खायचं तेही तीच ठरवणार. सूप, एक मुख्य पदार्थ, चीज, गोड. शाकाहारी असाल तर बुकिंग करतानाच सांगा, आता ताटासमोर बसून 'आमच्यात चालत नाही' म्हणायचं नाही. रात्री दहाला दिवे बंद आणि तोंडंही. सकाळी आपला कचरा आपल्या सॅकमध्ये घालून खाली न्यायचा, कारण इथे कचरागाडी येत नाही. काही हटना तर तांदूळ-पीठसुद्धा हेलिकॉप्टरनेच पोहोचतं.

आणि प्रदक्षिणार्थी हे सगळं ऐकतो!

हे वाक्य वाचून ज्यांना काही वाटलं नाही, त्यांनी गृहनिर्माण सोसायटीत कधी दिवस काढलेले नाहीत. याच गृहस्थाला सोसायटीच्या सेक्रेटरींनी चपलांचं कपाट जिन्यातून हलवा म्हणून विनंती केली, तेव्हा त्याने उपनिबंधकांकडे तीन पानी तक्रार केली होती. ओला कचरा आणि सुका कचरा वेगळा ठेवायला सांगितलं तेव्हा त्याने व्यक्तिस्वातंत्र्याचा मुद्दा काढला. गणपतीत दहानंतर स्पीकर बंद करा म्हटल्यावर 'तुम्हाला आपली संस्कृती नको आहे का?' असं विचारलं. टँकरचं पाणी चालू असताना गाडी नळीने धुणारा तो हाच. तोच आता २१९५ मीटर उंचीवर, एलिझाबेटा हटच्या दारात ओणवा होऊन बुटांची नाडी सोडतो आहे आणि मागे उभ्या असलेल्या पत्नीला दबक्या आवाजात सांगतो आहे, "अगं, हळू बोल. इथे नियम आहे."

सेक्रेटरींची चूक एवढीच की त्यांनी नियम फुकट लावले. साठ-सत्तर युरो एका रात्रीचे घेऊन, आधी आरक्षण करायला लावून, 'जागा शिल्लक नाही' असं दोनदा कळवून मग सांगितलं असतं तर जिना केव्हाच मोकळा झाला असता. मेंटेनन्सच्या थकबाकीदारांचं काय करावं या प्रश्नावर ज्या समित्या वर्षानुवर्षं डोकं खाजवत आहेत, त्यांनी सोसायटीचं नाव बदलून, फ्रेंच लोक हटला म्हणतात तसं, 'रिफ्यूज' ठेवावं आणि वॉचमनला फ्रेंच शिकवावं.

आंघोळीचं प्रकरण तर पाहण्यासारखं असतं. वाटेवर इटलीच्या बाजूला वॉल्टर बोनाती या गिर्यारोहकाच्या नावाची हट आहे, फेरे दरीत, २०२५ मीटरवर. समोर ग्रांद जोरासचा कडा. इथे गरम पाण्यासाठी टोकन मिळतं आणि टोकन संपलं की पाणी बंद. डोक्याला साबण तसाच. बाहेर ओळीत उभे असलेले जर्मन, कोरियन आणि नागपूरकर घड्याळ पाहत असतात. घरी गीझर दोन तास चालू ठेवणारा माणूस इथे साबण आधी लावून, मग टोकन टाकून, आत काटकसरीचे विक्रम करतो आणि ते जेवणाच्या टेबलावर सांगतोही. ज्यांच्या नावाची ही हट, त्या बोनातींनी १९५४ साली के-टू मोहिमेत हुंझाच्या आमिर महदी या हमालाबरोबर सुमारे ८१०० मीटरवर तंबू नसताना, उघड्या बर्फात रात्र काढली. शिखरावर जाणाऱ्या वरच्या दोघांसाठी प्राणवायूच्या नळकांड्या घेऊन गेले होते, वरच्यांचा तळ ठरल्या जागी सापडलाच नाही. महदीने पायाची बोटं गमावली. त्या रात्रीबद्दल बोनाती सांगत होते ते खरं, हे इटलीच्या अल्पाइन क्लबने मान्य करायला पन्नासहून जास्त वर्षं घेतली. हटच्या भिंतींवर बोनातींचे फोटो आहेत. त्यांच्याखाली बसून प्रदक्षिणार्थी पोलेंटावर शेंगदाण्याची चटणी भुरभुरतो आणि पाणी पुरेसं गरम नव्हतं हे गाईडच्या कानावर घालतो. नियम मान्य, पण अभिप्राय देण्याचा हक्क कोणी काढून घेतलेला नाही.

गाईडबद्दल दोन शब्द. शामोनीत गाईडांची कंपनी १८२१ साली स्थापन झाली, आदल्या वर्षी एका मोहिमेत तीन गाईड हिमकड्याखाली गेल्यानंतर. सुरुवातीला नियम असा की ज्याचा नंबर लागेल तो गाईड तुमच्याबरोबर येणार, आवडनिवड चालणार नाही. आता प्रदक्षिणेला जो येतो तो बहुतेक वेळा मध्यम उंचीच्या डोंगरांचा परवाना असलेला असतो, हिमनदीवर दोर लावून न्यायचा अधिकार त्याच्याकडे नसतो आणि ते बरंच आहे, कारण आपली तशी इच्छाही नसते. त्याचं मुख्य कौशल्य म्हणजे हळू चालणं. इतकं हळू, की पहिल्या दिवशी पुढे पळणारे आयटीतले दोघं चौथ्या दिवशी त्याच्या टाचेमागे गप्प चालू लागतात. दुसरं कौशल्य हवामानाचं. दुपारी वीज कडाडायच्या आत खिंड ओलांडायची म्हणून तो पहाटे उठवतो. ऑगस्टच्या अखेरीस याच वाटेवर शर्यत होते, २००३ पासून, आणि पहिला येणारा अलीकडे वीस तासांच्या आतच सगळी फेरी संपवतो. ही माहिती गाईड शक्यतो शेवटच्या दिवशी देतो.

फेरीच्या अखेरीस ब्रेव्हांच्या माथ्यावर, २५२५ मीटरवर, मों ब्लां अगदी समोर येतो आणि त्याच्या अंगावरून दरीत उतरणारी बोसों हिमनदी दिसते. इथे आमचा विनोद जरा बाजूला ठेवतो. २४ जानेवारी १९६६ रोजी एअर इंडियाचं 'कांचनजंगा' हे विमान शिखराजवळ आदळलं. ११७ जण गेले, त्यांत डॉ. होमी भाभा होते. त्याआधी १९५० साली 'मलबार प्रिन्सेस' हे आपलंच दुसरं विमान याच डोंगरावर पडलं होतं. हिमनदी पोटातलं सावकाश खाली आणते. २०२० साली तिने त्या जानेवारीची भारतीय वर्तमानपत्रं बाहेर टाकली, इंदिरा गांधी पंतप्रधान होणार या बातमीसकट, वाचता येतील अशी. ज्या धंद्यात सकाळचं लिखाण संध्याकाळी भेळ बांधायला जातं, त्या धंद्यातल्या माणसाने ती पानं सुकवून ठेवणाऱ्या तिथल्या कॅफेवाल्याला मनोमन हात जोडावेत. आमच्या प्रदक्षिणार्थ्यांपैकी एकाने ही हकीगत ऐकून गाईडला विचारलं की खाली उतरायला रोपवे किती वाजेपर्यंत आहे. उत्तर ऐकून इतरांनीही रांग लावली, कारण ब्रेव्हांवरून पायी उतरणं म्हणजे गुडघ्यांची परीक्षा, आणि प्रदक्षिणेचं पुण्य शेवटच्या उतारावर अवलंबून नसतं असं कोणीतरी शास्त्राधाराने सांगितलं.

राहता राहिला अपघाताचा मुद्दा, ज्याचा अभ्यास मात्र आमच्या लोकांनी घरूनच करून ठेवलेला असतो. फ्रान्समध्ये डोंगरात अडकलात तर पोलिसांचं बचाव पथक सहसा पैसे न घेता उचलून नेतं. स्वित्झर्लंडमध्ये हेलिकॉप्टरचं बिल येतं. वाट घड्याळाच्या उलट दिशेने जाते, फ्रान्स, इटली, स्वित्झर्लंड आणि बाल्मच्या खिंडीतून पुन्हा फ्रान्स. तेव्हा पाय मुरगळायचाच असेल तर बाल्मच्या सीमेच्या दगडापलीकडे मुरगळावा, ही सूचना ग्रुपवर आधीच फिरलेली असते. स्विस बाजूच्या उतारावर आमची मंडळी जितक्या जपून पावलं टाकतात तितकी ती पुण्यातल्या फुटपाथवरही टाकत नाहीत, आणि पुण्यातले फुटपाथ ज्यांनी पाहिले आहेत त्यांना ही तुलना कळेल.

अशाच एका संध्याकाळी जेवणाच्या टेबलावर गाईडने फ्रान्सच्या बाजूच्या सँ-जर्वे गावच्या महापौरांची गोष्ट सांगितली. माणूस तापट. शिखराच्या नेहमीच्या वाटेवर कोणी काय काय नेतं याने त्यांचं डोकं फिरलेलं. एका ब्रिटिश गड्याने २०१९ साली घरात व्यायामाला वापरतात ते वल्ही मारायचं यंत्र वर नेलं आणि ४३६२ मीटरवरच्या आसऱ्यात टाकून आला. शेवटी २०२२च्या उन्हाळ्यात, दरडी कोसळत असतानाही लोक चढायचे थांबेनात, तेव्हा महापौरांनी जाहीर केलं की यापुढे शिखरावर जाणाऱ्याने आधी १५ हजार युरो अनामत ठेवावी. दहा हजार सुटकेसाठी आणि पाच हजार अंत्यसंस्कारासाठी. पलीकडच्या, इटलीतल्या कोर्मायरच्या महापौरांना हे पटलं नाही, डोंगर कोणाच्या मालकीचा नसतो असं त्यांचं म्हणणं.

टेबलावर क्षणभर शांतता पसरली. मग आमच्यापैकी एक निवृत्त बँक अधिकारी चमचा खाली ठेवून म्हणाले, "अहो, पण माणूस धडधाकट परत आला तर ते पंधरा हजार व्याजासकट मिळणार ना?"

गाईडला हे भाषांतर करून सांगितलं. त्याने तीनदा विचारलं की प्रश्न नेमका काय आहे. तोवर सौ. प्रदक्षिणार्थींनी हिशोब पुढे नेला होता, "आणि ज्येष्ठ नागरिकांना अर्धा टक्का जास्त."